लाइनवर एक डबा वाढला

आमच्या घरमालकांकडे फोन एकच होता, आणि तो चार ठिकाणी होता. नंबर एक, तार एक, पण उचलायला चार काळी धुडं. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक त्यांच्या विधवा बहिणीच्या खोलीत आणि एक माडीवर, माझ्या भाड्याच्या खोलीच्या दाराशी. पहिलं टेलिफोन खात्यानं रीतसर बसवलेलं. बाकीची तीन त्यांनी जुन्या बाजारातून आणून स्वतः जोडलेली. कशी, ते विचारायचं नाही. खात्याचा लाइनमन गल्लीत दिसला की हे तिन्ही फोन तारेसकट ज्वारीच्या कोठीत जात. एकदा लाइनमन बैठकीत चहा पीत असताना कुणाचा तरी फोन आला आणि ज्वारी वाजू लागली. त्यानं कोठीकडे पाहिलं, मग घरमालकांकडे पाहिलं.

घरमालक म्हणाले, ‘‘उंदीर फार झाले आहेत.’’

लाइनमन भला माणूस होता. त्यानं बशी खाली ठेवली, ‘‘मांजर पाळा काकाजी,’’ म्हणाला आणि निघून गेला.

काकाजी म्हणजे आमचे घरमालक. मी त्यांना काकाजी म्हणायचो, गल्ली काकाजी म्हणायची, आणि माझी खात्री आहे की त्यांचे वडीलही त्यांना काकाजीच म्हणत असतील. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा नागपूरच्या धंतोलीत फोनसाठी अर्ज बाप करायचा आणि घंटी नातू ऐकायचा. त्या दिवसांत एका घरात चार फोन म्हणजे एका घरात चार हत्ती. लोक बघायला यायचे. काकाजी दाखवायचे नाहीत.

काकाजी रेल्वेत कंट्रोलर होते. ज्यांना कंट्रोलरचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका तारेवर पंधरा-वीस स्टेशनं ओळीनं टांगलेली असतात. प्रत्येक स्टेशनमास्तरच्या टेबलावर एक फोन. कुणीही उचलला की सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि मधोमध बसलेला कंट्रोलर त्यातून गाड्या काढतो. म्हणून तिथला पहिला नियम असा की लाइनवर आलात तर आधी आपल्या स्टेशनचं नाव सांगा, मग कामाचं बोला. नाव न सांगता जो नुसता ऐकत राहतो, तो काकाजींच्या मते खुन्याच्या खालोखाल.

काकाजी रिटायर झाले, पण नियम नोकरीतच राहिला. त्यांनी घरातल्या चारही फोनना नागपूर-वर्धा लाइनवरची नावं दिली. बैठक म्हणजे कंट्रोल. माडी म्हणजे खापरी. स्वयंपाकघर म्हणजे बुटीबोरी. आत्याबाईंची, म्हणजे त्यांच्या बहिणीची, खोली म्हणजे सिंदी. घंटी चारही ठिकाणी एकदम वाजायची, आणि ज्यानं उचलला त्यानं आधी आपलं स्टेशन सांगायचं. काकूंचं माहेर खरोखरचं बुटीबोरीचं. त्या मला म्हणायच्या, ‘‘पाहा भाऊ, तीस वर्षं संसार केला आणि फिरून बुटीबोरीलाच पोचून राहिली मी.’’

एकदा माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी मला फोन केला. चौघांनी एकदम उचलला. ‘‘कंट्रोल.’’ ‘‘बुटीबोरी.’’ ‘‘सिंदी.’’ ‘‘खापरी.’’ साहेब खाकरून म्हणाले, ‘‘इटारसी पॅसेंजर किती वाजता येईल?’’ काकाजींनी श्वासही न घेता सांगितलं, ‘‘अठ्ठेचाळीस मिनिटं लेट. तीन नंबरवर.’’ साहेबांनी आभार मानून ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला म्हणाले की कालची पॅसेंजर बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं लेट आली, आणि तुमचा नंबर मात्र काही लागला नाही.

एका तारेवर चार फोन लावले की एक भानगड होते. जेवढे जण उचलतील तेवढा आवाज वाटला जातो. एकानं उचलला तर समोरचा माणूस शेजारी बसल्यासारखा. दोघांनी उचलला तर तो अंगणात जातो. तिघांनी, तर गल्लीच्या टोकाला. चौघांनी उचलल्यावर तो विहिरीत पडलेला असतो आणि वरून आपण ओणवून ऐकतो. काकाजींचा कान असा की हा फरक त्यांना गव्हातल्या खड्यासारखा लागायचा. बोलता बोलता ते थांबायचे आणि शांतपणे म्हणायचे, ‘‘लाइनवर एक डबा वाढला. नाव सांगा.’’ नाव नाही आलं तर स्वतःच सांगायचे. काकूंना ते बांगडीवरून ओळखत, आत्याबाईंना तपकिरीच्या सूंसूंवरून, आणि मला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, विचार न करण्याच्या आवाजावरून. तारेवर बसलेला कावळा त्यांनी फोनमधून ओळखला होता, हे मी पाहिलेलं नाही. पण आत्याबाई शपथेवर सांगायच्या.

पकडला गेलेल्याला लेखी खुलासा द्यावा लागे. आत्याबाईंचा एक खुलासा मी वाचलेला आहे. ‘‘मी ऐकत नव्हते. फोन माझ्या कानाला लागलेला होता.’’ त्याखाली काकाजींचा लाल पेन्सिलीचा शेरा होता: ‘असमाधानकारक.’

त्यांच्या एका कानावर लाल पेन्सिल असायची आणि दुसऱ्यावर निळी. बैठकीच्या भिंतीवर आलेखाचा मोठा कागद. त्यावर रेल्वेत गाड्या काढतात तसे ते घरातले फोन काढायचे. येणारा फोन निळी रेघ, जाणारा लाल. एका दिवशी काकू आपल्या बहिणीशी इतक्या बोलल्या की रेघ कागदावरून उतरून भिंतीवर गेली आणि खिडकीपाशी संपली. भिंतीला नवा चुना लागेपर्यंत ती तिथं होती.

मी एकदा विचारलं, ‘‘काकाजी, ऐकलं कुणी थोडं, तर काय बिघडते?’’

त्यांनी दोन्ही पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. ते फार क्वचित असं करायचे.

‘‘पूर्ण ऐकलं तर काही बिघडत नाही. अर्धं ऐकणारा माणूस धोक्याचा. माझ्याच ड्यूटीवर, भर दुपारी एका मास्तरनं न सांगता फोन उचलला. दुसऱ्या स्टेशनची ऑर्डर चालू होती, त्यानं मधूनच ऐकली. वाटलं, आपल्यालाच आहे. दिली गाडी सोडून.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. एका रुळावर दोन गाड्या, तोंडासमोर तोंड.’’

दोन इंजिनांमध्ये शेवटी एवढंच अंतर उरलं होतं की ड्रायव्हरांनी खाली न उतरता एकमेकांच्या विड्या पेटवल्या. हे वाक्य माझं आहे. काकाजी त्या गोष्टीवर हसायचे नाहीत. ‘‘त्या मास्तरनं आधी नाव सांगितलं असतं, तर मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं असतं,’’ एवढंच ते म्हणायचे, आणि पेन्सिली कानांवर चढवायचे.

त्या वर्षी माझी आई पोट दुखतं म्हणून गावाहून आली. आमचं गाव नरखेड तालुक्यात. मोसंबीच्या झाडांच्या चार ओळी, एक विहीर, आणि सगळ्यावर माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घरात दादाचा शब्द शेवटचा. आई आठ दिवस माझ्या खोलीत राहिली, पण दिवसभर खाली काकूंकडेच असायची. फोनला ती आधी भ्यायची. मग काकूंनी तिला शिकवलं की घाबरायचं नाही, उचलायचा आणि आधी बुटीबोरी म्हणायचं. एकदा तिनं उचलून म्हटलंही, आणि पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी हसली.

दोन गल्ल्या सोडून एक डॉक्टर होते. त्यांनी आईला तपासलं, मला बाहेर नेलं आणि सांगितलं की पोटात गाठ आहे, काढावी लागेल. गुरुवारी ऑपरेशन थिएटर रिकामं आहे. त्यानंतर दहा दिवस ते मिळणार नव्हतं. दहा दिवस थांबणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

आईला आम्ही सांगितलं, पोटाला सूज आहे. आमच्याकडे तशीच पद्धत. ज्याला रोग त्याला सोडून सगळ्यांना माहीत असायचं.

मी दादाच्या होकाराशिवाय सही करणार नव्हतो. आणि दादा होकार देणार नाही हे मला माहीत होतं. आमचे वडील नागपूरला ऑपरेशनला आले होते, आणि परत घरी गेले नव्हते. मी निरोप पाठवला. दादाचं उत्तर आलं की डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही, बुधवारी सकाळी पोस्टात येऊन बसतो.

बुधवारी सकाळी सात वाजता काकाजींनी एक्स्चेंजला नरखेडचा अर्जंट ट्रंक कॉल नोंदवला. डॉक्टर नऊला आले. त्यांना साडेदहाला परत जायचं होतं. काकाजींनी कंट्रोलसारखी मांडणी केली. ते स्वतः बैठकीत. डॉक्टर आत्याबाईंच्या खोलीत, सिंदीवर. मी वर खापरीवर. आत्याबाईंना तपकिरीच्या डबीसह शेजारी धाडण्यात आलं. काकूंनी आईला मागच्या अंगणात वालाच्या शेंगा निवडायला बसवलं.

‘‘बुटीबोरी बंद,’’ काकाजी म्हणाले. ‘‘तिघांच्या वर लाइन चालणार नाही. मी ज्याचं नाव घेईन त्यानं बोलायचं.’’

नऊ वाजून गेले. साडेनऊ झाले. डॉक्टर घड्याळ बघत होते, मी डॉक्टरांकडे बघत होतो, काकाजी फोनकडे बघत होते. माडीच्या जिन्यावरून मला दोघंही दिसत होते. दहा झाले. डॉक्टर उठून चपला पायात घालायला लागले.

‘‘पाच मिनिटं,’’ काकाजी म्हणाले.

‘‘काकाजी, माझे पेशंट बसून राहिले आहेत.’’

‘‘ही पण पेशंटच आहे.’’

डॉक्टर एक चप्पल घालून बसले. दहा वाजून अठरा मिनिटांनी चारही फोन एकदम किंचाळले. मी इतक्या जोरात उचलला की माझ्या कपाळाला लागला.

‘‘नरखेड बोला,’’ ऑपरेटर बाई म्हणाली.

‘‘हालो,’’ दादाचा आवाज आला. शेतातून बैलांना हाक मारावी तसा, पण बारीक, गल्लीच्या टोकावरून. ‘‘हालो, कोन हाय?’’

‘‘कंट्रोल,’’ काकाजी म्हणाले. ‘‘तुमचा भाऊ लाइनवर आहे. डॉक्टर लाइनवर आहेत. डॉक्टर, बोला.’’

डॉक्टर बोलू लागले. सवयीचं, मोजकं, न घाबरवता. ‘‘आईच्या पोटात गाठ आहे. मोठी झाली आहे. काढली नाही तर मला वाटत नाही की त्या दिवाळी पाहतील.’’

आणि आवाज पडला.

दादा विहिरीत गेला. डॉक्टरही गेले. मला कळलं. चौथा फोन उचलला होता. आत्याबाई शेजारी होत्या. काकूंची बांगडी वाजली नव्हती. फक्त कुणीतरी तोंड दाबून श्वास घेत होतं, आणि तो श्वास मी जन्मापासून ओळखत होतो.

मी काकाजींच्या वाक्याची वाट पाहिली. आता ते म्हणतील, एक डबा वाढला. आई फोन ठेवेल. तिला एवढंच कळलेलं असेल की दिवाळी नाही.

ते वाक्य आलं नाही. मी जिन्यावरून वाकून पाहिलं. त्यांनी दोन्ही कानांवरच्या पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या होत्या.

‘‘डॉक्टर,’’ ते म्हणाले, ‘‘नरखेडला नीट ऐकू आलेलं नाही. पहिल्यापासून सांगा.’’

‘‘मले आलं ना ऐकू,’’ दादा तिकडून म्हणाला.

‘‘तुम्हाला नाही आलं. थांबा. डॉक्टर, सगळं सांगा. हळू सांगा. वाईट आहे तेही सांगा, चांगलं आहे तेही सांगा. काहीच सोडू नका.’’

डॉक्टर आत्याबाईंच्या दारातून त्यांच्याकडे बघत राहिले. मग हुशार माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला आणि त्यांचा स्वर बदलला. ते आता दादाशी बोलत नव्हते.

‘‘गाठ आहे. उद्या सकाळी झोपेचं औषध देऊन पोट उघडू. दुखणार नाही, कळणारही नाही. गाठ काढू. रक्त लागेल, त्याची सोय झाली आहे. मग पंधरा दिवस इथं. पहिले चार दिवस त्रास होईल, तो मी खोटं सांगून कमी करत नाही. काही चुकू शकतं. पण जागा सोपी आहे, आणि अशा गाठी मी काढलेल्या आहेत.’’

‘‘आमच्या बाबाले बी असंच सांगतलं होतं,’’ दादा म्हणाला.

‘‘तुमच्या वडिलांना उशिरा आणलं होतं. तुमच्या भावानं मला कागद दाखवले. तेव्हा काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईला वेळेवर आणलं आहे. दोघांत फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.’’

‘‘तीन मिनिटं झाली,’’ ऑपरेटर बाई मध्ये आली.

‘‘वाढवा,’’ काकाजी म्हणाले.

नरखेडच्या पोस्टात कुणीतरी टपालावर शिक्के मारत होतं, ते ठक ठक ऐकू येत होतं.

‘‘नाई डॉक्टरसायब,’’ दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. ‘‘तुमी शिकलेले हा. पन मी एकदा गाडीत बसवून आनला मानूस, अन् पिवळ्या चादरीत वापस नेला. आता मायीले नाई. मी नाई म्हनतो. तिले घरी पाठवा.’’

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेदहाला सात मिनिटं कमी होती.

तेव्हा काकाजी म्हणाले, ‘‘लाइनवर अजून कुणी असेल तर नाव सांगा.’’

मी चाळीस वर्षं झाली गप्पा मारून लोकांना हसवतो आहे, गोष्ट फुगवायची तेवढी फुगवतो. पण त्या शांततेत भर घालण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. शिक्केसुद्धा थांबले होते.

‘‘बुटीबोरी,’’ आई म्हणाली.

‘‘कोन?’’ दादा म्हणाला. ‘‘माय?’’

‘‘हाव.’’

‘‘माय, तू ठेव तो फोन. ठेव आधी.’’

‘‘काहून ठेवू? माह्या पोटातली गाठ, अन् मीच फोन ठेवू?’’

‘‘तू का ऐकलं?’’

‘‘आधी एक ऐकलं तं पाय गळाले माहे. मंग समदं ऐकलं.’’ ती थांबली. ‘‘तुह्या बापाले कोनं इचारलं होतं का रे? त्याले आपन गाडीत टाकलं, तो माह्या तोंडाकडे पाहे, अन् मी म्हनो, सूज हाय, सूज हाय. मरेपावतर त्याले सूजच होती. मले इचारा.’’

दादा लहान पोरासारखा रडायला लागला. सहा फूट माणूस, पोस्टात, सगळ्या गावादेखत.

‘‘खापरी,’’ काकाजी म्हणाले. ‘‘फोन खाली ठेवा.’’

‘‘काकाजी, मी...’’

‘‘खाली ठेवा. सिंदी, तुम्हीही ठेवा. आवाज त्या दोघांना पुरू द्या.’’

मी ठेवला. डॉक्टरांनी ठेवला. मी धावत खाली आलो, तेव्हा काकाजी बैठकीत उभे होते आणि आपला रिसीव्हर हळूच जागेवर ठेवत होते, झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा. तीन वर्षांत त्या घरात कंट्रोल चालू लाइन सोडून उठलेला मी पाहिला नव्हता.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत आई बोलत होती. शब्द कळत नव्हते.

‘‘काय म्हणून राहिली?’’ मी विचारलं.

‘‘मला काय माहीत,’’ काकाजी म्हणाले. ‘‘मी लाइनवर नाही.’’

डॉक्टरांचे साडेदहा वाजून गेले. ते एक चप्पल घालून तसेच बसून होते. काकू शेंगांचं सूप घेऊन दारात आल्या आणि आम्हा तिघांची तोंडं बघून तिथंच थबकल्या. ‘‘पाणी प्यायला जाते म्हणून उठल्या त्या,’’ त्या हळूच म्हणाल्या.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. आईची गाठ निघाली. ती गाठ नारळाएवढी होती असं मी सगळीकडे सांगतो. डॉक्टर लिंबाएवढी म्हणायचे. आई त्यानंतर अठरा वर्षं जगली आणि दादावर हुकूम गाजवून गेली. काकाजी तिच्या आधी गेले, आणि त्यांचे तीन फोन काकूंनी स्वतःच्या हातांनी कोठीत ठेवले. पण त्या सकाळी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. दारामागून फक्त एक आवाज येत होता, कधी रागावलेला, कधी समजावणारा. मग तोही थांबला.

आई बाहेर आली. पदरानं तोंड पुसलेलं.

‘‘तो उद्या पयल्या यष्टीनं येते,’’ ती म्हणाली. ‘‘हो म्हनला का?’’ मी विचारलं. ‘‘हो नाई म्हनला. येतो म्हनला.’’ मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, ‘‘कोनता कागद हाय, तो आना.’’

डॉक्टरांनी पिशवीतून छापील कागद काढला आणि सवयीनं माझ्यासमोर धरला. आईनं तो मधूनच घेतला आणि काकाजींना दिला. ‘‘तुमी वाचा. पयल्यापासून.’’

काकाजींनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला. छापखान्याचं नावसुद्धा सोडलं नाही. खाली दोन रेघा होत्या. एकीवर संमती देणाऱ्याचं नाव. काकाजींनी आईचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या रेघेवर ते अडखळले.

‘‘काय लिवलं तितं?’’ आईनं विचारलं.

‘‘संमती देणाऱ्याचं रुग्णाशी नातं काय, असं विचारून राहिले आहेत.’’

आईनं थोडा विचार केला.

‘‘लिवा,’’ ती म्हणाली, ‘‘जवळचं हाय.’’